फेफरे आणि बाळंतपण : कृष्णाकाठच्या उपचारांचा इतिहास

अपस्मार म्हणजे मेंदूतील पेशींच्या विद्युत्-क्रियेत अचानक गोंधळ माजून पुन्हा पुन्हा येणारे झटके. सातारा आणि सांगली जिल्ह्यांत या आजाराला फेफरे, फिट, मिरगी अशी नावे आहेत. सर्रास वापरला जाणारा शब्द मात्र ‘आकडी’. हा शब्द एका आजारापुरता नाही. तान्ह्या मुलाला तापात येते ती आकडी, धनुर्वातात अंग ताठते तीही आकडी, आणि दिवस भरत आलेल्या बाईचे डोळे फिरून हातपाय झडू लागले तर तीही आकडीच. गरोदर स्त्रीच्या अपस्मारावरील उपचारांचा इतिहास म्हणजे या एका शब्दाच्या पोटातले निरनिराळे आजार वेगळे काढण्याचा इतिहास आहे. ते वेगळे झाल्यावरही एक पेच उरतो : आजाराला औषध हवे आणि पोटातल्या गर्भाला त्याचा धक्का लागता कामा नये. हा पेच जुना आहे आणि त्यावरची उत्तरे काळाप्रमाणे बदलत गेली आहेत.

सातारा आणि सांगली हे १९४९ पर्यंत बऱ्याच अंशी एकाच सातारा जिल्ह्याचे भाग होते. सांगली, मिरज, जत, औंध, फलटण ही संस्थाने १९४८ मध्ये विलीन झाल्यावर उत्तर सातारा आणि दक्षिण सातारा असे दोन जिल्हे झाले, आणि १९६० मध्ये दक्षिण साताऱ्याला सांगली हे नाव मिळाले. लेकी-सुनांची देवघेव, दवाखान्याची वाट आणि देवस्थानची वारी या तिन्ही बाबतींत हा मुलूख एकच राहिला. म्हणून त्याचा हा इतिहासही एकत्रच सांगावा लागतो.

ग्रंथांतील निदान

चरकसंहितेत अपस्माराला निदानस्थानात आणि चिकित्सास्थानात स्वतंत्र अध्याय आहे. स्मृती नाहीशी होणे, डोळ्यांपुढे अंधार येणे आणि शरीराच्या विचित्र हालचाली होणे ही त्याची लक्षणे. वातज, पित्तज, कफज आणि सान्निपातिक हे त्याचे चार प्रकार. उपचाराची सुरुवात तीक्ष्ण शोधनाने, म्हणजे वमन, विरेचन, बस्ती, नस्य यांनी होते आणि पुढे पंचगव्य घृत, ब्राह्मी घृत यांसारखी सिद्ध तुपे येतात.

गर्भिणीबाबत मात्र त्याच संहितेचा सूर उलटा आहे. गर्भवतीला वमनासारखी शोधने वर्ज्य आहेत. तिला सौम्य आणि मधुर उपचार सांगितले आहेत. तेलाने काठोकाठ भरलेले भांडे न हिंदकळता न्यावे तसे तिला जपावे, अशी उपमा शारीरस्थानात येते. अपस्माराची मुख्य चिकित्साच गर्भवतीसाठी बंद, असा याचा अर्थ. आजच्या डॉक्टरला गर्भवतीसाठी व्हॅल्प्रोएटसारखे अपस्माराचे औषध लिहिताना जो विचार करावा लागतो त्याचे बीज इथे आहे.

आकडीचे प्रकार वेगळे काढण्याचा प्रयत्नही प्राचीन आहे. सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानात वातव्याधींमध्ये अपतानक या आक्षेपाचे वर्णन आहे. गर्भपातामुळे, अतिरक्तस्रावामुळे किंवा जखमेमुळे झालेला अपतानक बरा होत नाही, असे तिथे स्पष्ट म्हटले आहे. या वर्णनात आजचे वाचक धनुर्वात ओळखतात. निदान इतके तरी नक्की, की बाळंतपणाशी जोडलेली घातक आकडी आणि जन्मभर अधूनमधून येणारे फेफरे या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, हे ग्रंथकारांनी जाणले होते.

बाळंतिणीची खोली

ग्रंथ वैद्यांपाशी होते, बाळंतपण सुईणीपाशी. पहिले बाळंतपण माहेरी, हा रिवाज दोन्ही जिल्ह्यांत आजही टिकून आहे. सातव्या महिन्यात डोहाळजेवण झाले की लेकीला माहेरी नेतात. फेफरे येणाऱ्या स्त्रीच्या दृष्टीने या रिवाजात एक सोय होती. तिचा आजार माहेरच्यांना ठाऊक असे, झटका आला तर आई घाबरून जात नसे आणि सासरी बभ्रा होत नसे.

खोलीची मांडणी मात्र तिच्यासाठी धोक्याची होती. वारा लागू नये म्हणून घराच्या आतल्या अंगाची अंधारी जागा, खिडकीला पोत्याचा पडदा, मध्ये सुंभाने विणलेली बाज. बाजेखाली किंवा तिच्या शेजारी शेगडीत गोवऱ्यांचे निखारे, त्यांवर ओवा, बाळंतशेपा आणि धूप टाकून धुरी दिली जाई. धड माणसाला या शेकाने बरे वाटते. ज्या बाईला क्षणात शुद्ध हरपून कोसळायची सवय आहे तिच्यासाठी हात-दीड हातावरचा विस्तव म्हणजे भाजण्याचे निमंत्रण. चूल, विहीर, ओढ्याचा घाट ही अपस्माराच्या अपघातांची नेहमीची ठिकाणे. बाळंतपणात त्यांत शेगडीची भर पडे.

दुसरा धोका पाचव्या-सहाव्या रात्रीचा. पाचवीला पाटा-वरवंट्याची पूजा होते, विळा किंवा कोयता मांडला जातो, आणि सटवाई बाळाच्या कपाळी नशीब लिहायला येते म्हणून रात्र जागवली जाते. आधीच दर दोन तासांनी अंगावर पाजणारी बाळंतीण त्या रात्री मुळीच झोपत नसे. जागरण हे झटका आणणाऱ्या ठळक कारणांपैकी एक आहे. पाचवीच्या सुमारास बाळंतिणीला आकडी आली की सटवाईचा कोप झाला, असे घरच्यांना वाटे. सटवाईची रात्र आणि आकडी यांचा संबंध खराच होता. तो झोपमोडीतून येत होता.

बाधा आणि अंगारा

शुद्ध हरपते, तोंडातून फेस येतो, डोळे पांढरे होतात आणि काही मिनिटांनी बाई उठून बसते. मधले काही तिला आठवत नाही. हे पाहणाऱ्याला तिच्यात दुसरे कोणी शिरले होते असे वाटणे अवघड नाही. विहिरीवर किंवा नदीकाठी झटका आला तर आसरांनी, म्हणजे पाण्यातल्या देवतांनी, धरले म्हणत. इतर ठिकाणी आला तर ‘बाहेरचं’ म्हणत. गरोदर बाईला हे जास्त लागते, असा समज होता. मग देवऋषी, लिंबू-नारळाचा उतारा, कपाळाला अंगारा, दंडात ताईत. झटका चालू असताना नाकाला कांदा किंवा पायातली वहाण लावणे आणि मुठीत किल्ल्यांचा जुडगा देणे हे उपाय तर शिकल्यासवरलेल्या घरांतही चालत. बहुतेक झटके दोन-तीन मिनिटांत आपोआप थांबतात, त्यामुळे कांद्याला आणि वहाणेला फुकट यश मिळत गेले.

कृष्णाकाठची दत्तस्थाने, म्हणजे सांगली जिल्ह्यातले औदुंबर आणि शेजारच्या कोल्हापूर जिल्ह्यातली नरसोबाची वाडी, बाधा उतरवण्यासाठी प्रसिद्ध होती. ‘गुरुचरित्रा’त मुले दगावणाऱ्या शिरोळच्या स्त्रीची कथा आहे, तिच्या दुःखाचे कारण ब्रह्मसमंध सांगितले आहे. गर्भाचे आणि अर्भकाचे नुकसान हे अदृश्य शक्तीचे काम, ही समजूत या परिसरात किती जुनी आहे, ते या कथेतून दिसते.

मिशनचा दवाखाना, ब्रोमाइड आणि परीक्षानळी

पाश्चात्त्य वैद्यकात अपस्मारावर गुण देणारे पहिले औषध एका प्रसूतितज्ज्ञाने पुढे आणले. सर चार्ल्स लोकॉक हे राणी व्हिक्टोरियाची बाळंतपणे करणारे डॉक्टर. मासिक पाळीच्या सुमारास येणाऱ्या झटक्यांवर पोटॅशियम ब्रोमाइड चालते, असे त्यांनी १८५७ मध्ये लंडनच्या वैद्यकसभेत सांगितले. चौदा-पंधरा रुग्ण स्त्रियांपैकी एक सोडून सर्वांना उपयोग झाला, असा त्यांचा दावा होता. कारणमीमांसा चुकीची होती, औषध लागू पडत होते. ब्रोमाइडने गुंगी येई, अंगावर पुरळ उठे, बुद्धी मंदावे. तरी पुढची पन्नासेक वर्षे त्याला पर्याय नव्हता.

त्याआधी १८४३ मध्ये लंडनच्याच गाइज् रुग्णालयातील जॉन लिव्हर यांनी बाळंतपणात झटके येणाऱ्या स्त्रियांची लघवी तपासली होती. परीक्षानळीत लघवी घेऊन स्पिरिटच्या दिव्यावर तापवायची; वरचा थर अंड्याच्या पांढऱ्या भागासारखा गढुळला तर तिच्यात प्रथिन आहे. झटके आलेल्या स्त्रियांत हे प्रथिन सापडले. अपस्माराच्या रुग्णात ते असतेच असे नाही. १८९६ मध्ये रिव्हा-रोची यांचे रक्तदाबमापक आल्यावर दुसरी खूण हाती आली : गरोदरपणातल्या या झटक्यांमागे वाढलेला रक्तदाब असतो. एक दिवा, एक काचनळी आणि दंडाला बांधायची पट्टी एवढ्या साहित्यावर ‘आकडी’ या शब्दातले दोन मोठे आजार, अपस्मार आणि एक्लॅम्प्सिया, एकमेकांपासून सुटे झाले.

ही विद्या कृष्णाकाठी आली ती मिरजेच्या वाटेने. अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनचे डॉ. विल्यम जेम्स वानलेस १८८९ मध्ये भारतात आले. आरंभी त्यांनी सांगलीत काम केले आणि १८९४ मध्ये मिरजेत रुग्णालय उघडले. तिथेच त्यांनी वैद्यकशाळाही काढली. दक्षिण महाराष्ट्रातून आणि शेजारच्या कर्नाटकातून बैलगाड्यांनी आणि रेल्वेने रुग्ण मिरजेला येऊ लागले. ‘मिरजेला न्या’ म्हणजे आता शेवटचा उपाय, असा अर्थ या भागात रूढ झाला.

बायका मात्र पुरुष डॉक्टरपुढे यायला राजी नसत. ही अडचण ओळखणाऱ्यांत आनंदीबाई जोशी अग्रभागी होत्या. फिलाडेल्फियाच्या स्त्रीवैद्यक महाविद्यालयात १८८६ मध्ये त्यांनी पदवीसाठी लिहिलेला प्रबंध आर्य हिंदूंमधील प्रसूतिशास्त्रावर होता. कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयातील स्त्रीविभागावर त्यांची नेमणूक झाली. पण तिथे रुजू होण्याआधीच २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. १८८५ मध्ये स्थापन झालेल्या डफरिन फंडातून देशभर स्त्री डॉक्टर, परिचारिका आणि सुईणी यांच्या शिक्षणाला पैसा मिळू लागला. तरी विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत खेड्यातले बाळंतपण सुईणीच्याच हातून होत राहिले. अस्वच्छ विळ्याने नाळ कापल्यामुळे होणारा धनुर्वात ही तिसरी आकडी त्यामुळे मागे उरली. लसीकरण आणि दवाखान्यातील बाळंतपणे वाढल्यावर तीही सरली. माता आणि नवजात बालकांच्या धनुर्वाताचे भारतातून निर्मूलन झाल्याचे २०१५ मध्ये जाहीर झाले.

गोळ्यांचे युग आणि व्यंगाची भीती

१९१२ मध्ये जर्मन डॉक्टर आल्फ्रेड हाउप्टमान यांनी फेनोबार्बिटोनचा गुण दाखवला. ‘गार्डिनलची गोळी’ या नावाने ते मराठी घरांत पोचले आणि स्वस्त असल्याने आजही टिकून आहे. १९३८ मध्ये मेरिट आणि पुटनम यांनी फेनिटॉइन आणले, १९६० च्या दशकात कार्बामॅझेपीन आले आणि १९६७ मध्ये फ्रान्समध्ये व्हॅल्प्रोएट बाजारात आले. मिरजेला १९६२ मध्ये वैद्यकीय महाविद्यालय आणि कराडला १९८४ मध्ये कृष्णा वैद्यकीय संस्था सुरू झाली. या गोळ्या लिहून देणारे डॉक्टर आता तालुक्याच्या गावापर्यंत आले.

गरोदरपणात घेतलेल्या थॅलिडोमाइडच्या गोळ्यांमुळे हातपाय नसलेली मुले जन्मल्याचे १९६१ मध्ये उघड झाले आणि जगभर गर्भवतीच्या औषधांकडे संशयाने पाहिले जाऊ लागले. १९६८ मध्ये मेडो या इंग्रज डॉक्टरने अपस्माराची औषधे घेणाऱ्या मातांच्या मुलांतील दुभंगलेल्या ओठांकडे लक्ष वेधले. १९७५ मध्ये फेनिटॉइनशी निगडित व्यंगांचे वर्णन झाले. १९८२ मध्ये फ्रान्समधील ल्याँ येथून व्हॅल्प्रोएट आणि बाळाचा पाठकणा दुभंगणे यांचा संबंध पुढे आला. चरकाचे काठोकाठ भरलेले भांडे पुन्हा एकदा डॉक्टरांच्या हातात आले.

या माहितीचा गावात उतरलेला अर्थ सोपा होता : दिवस गेले की गोळ्या बंद. कधी सासू सांगे, कधी शेजारीण, कधी औषधाच्या दुकानातला माणूस. बऱ्याचदा बाई स्वतःच ठरवी. एकाएकी गोळी थांबली की झटके उसळतात, आणि ते लागोपाठ येऊ लागले तर आई आणि बाळ दोघांच्याही जिवावर बेतते. मोठ्या झटक्यात आईचा श्वास अडखळतो तेव्हा गर्भाचाही प्राणवायू कमी होतो. पोटावर पडल्याने वार सुटू शकते. औषधाच्या भीतीने औषध सोडणे हाच अधिक मोठा धोका ठरला.

नेमके कोणते औषध किती घातक, हे अपस्मार असलेल्या गर्भवतींच्या नोंदवह्यांमुळे कळले. भारतातील प्रमुख नोंदवही १९९८ मध्ये तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेत सुरू झाली. जगभरच्या अशा नोंदींतून आलेले चित्र असे : कोणत्याही शंभर बाळांत दोन-तीन बाळांना जन्मतः मोठे व्यंग असते. लॅमोट्रिजीन आणि लेव्हेटिरॅसिटॅम घेणाऱ्या मातांत हे प्रमाण फारसे वाढत नाही. व्हॅल्प्रोएटने ते शंभरात दहाच्या आसपास जाते, आणि मात्रा जितकी मोठी तितका धोका जास्त. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिका-ब्रिटनमधील अभ्यासात व्हॅल्प्रोएट घेतलेल्या मातांच्या तीन वर्षांच्या मुलांचा बुद्ध्यंक इतर औषधांच्या गटांपेक्षा ६ ते ९ गुणांनी कमी आढळला. १९९१ मधील ब्रिटनच्या चाचणीने फॉलिक ॲसिडमुळे मज्जारज्जूची व्यंगे पुन्हा होणे टळते, हे सिद्ध केले होते. तेव्हापासून ही साधी गोळी दिवस राहण्याआधीच सुरू करण्याचा प्रघात पडला.

लग्न, लपवाछपवी आणि कायदा

औषधाचा विचार दिवस राहण्याआधी करायचा, तर आजार उघड असावा लागतो. इथे वैद्यकाची गाठ लग्नाच्या बाजाराशी पडते. ‘मुलीला फेफरं आहे’ एवढ्या कुजबुजीने स्थळ मोडते. म्हणून आजार लपवला जाई, आणि त्याला ‘लग्न झालं की फिट जातात’, ‘एक मूल झालं की जातात’ या समजुतींचा आधार मिळे. नवी नवरी गोळ्यांची पट्टी पेटीच्या तळाशी साडीखाली ठेवी, चोरून घेई, कधी चुकवी. मंगळागौरीचे जागरण आणि पाठोपाठचे उपवास तिच्या झोपेवर आणि गोळ्यांच्या वेळांवर घाला घालत. पाळणा लांबवण्यासाठी माला-डी घेतली तरी अडचण होती. फेनिटॉइन, कार्बामॅझेपीन आणि गार्डिनल या औषधांमुळे गर्भनिरोधक गोळीचा जोर कमी होतो. नको असताना दिवस राहत, आणि तेही व्यंग टाळण्याची कोणतीही तयारी नसताना.

कायदाही काही काळ लपवणाऱ्यांच्याच बाजूला ढकलत होता. १९७६ च्या दुरुस्तीने हिंदू विवाह कायद्यात वारंवार येणाऱ्या वेडाच्या झटक्यांच्या जोडीला अपस्माराचे झटके घातले गेले आणि अशा व्यक्तीचे लग्न रद्द ठरवता येऊ लागले. अपस्मार हा वेड नव्हे, तो औषधाने आटोक्यात राहतो, हे डॉक्टर आणि रुग्णसंघटना सांगत राहिल्या. अखेर १९९९ च्या दुरुस्तीने तो शब्द विवाहाच्या कायद्यांतून वगळला गेला. पुण्यातील संवेदना फाउंडेशनसारख्या गटांनी पुढे आजार सांगून लग्न जुळवण्याला हातभार लावला.

बाधेच्या समजुतीविरुद्धचे काम साताऱ्यातून उभे राहिले. डॉ. नरेंद्र दाभोलकर साताऱ्याचे. शिक्षण सांगलीचे विलिंग्डन महाविद्यालय आणि मिरजेचे वैद्यकीय महाविद्यालय येथे. साताऱ्यात काही वर्षे वैद्यकी करून ते पूर्णवेळ चळवळीत उतरले आणि १९८९ मध्ये त्यांनी महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समिती स्थापन केली. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात त्यांची हत्या झाली आणि त्याच वर्षी जादूटोणाविरोधी कायदा झाला. भूत उतरवण्याच्या नावाखाली बांधून मारणे, मिरचीची धुरी देणे, वहाण भिजवलेले पाणी पाजणे हे प्रकार या कायद्याच्या अनुसूचीत पहिल्याच कलमात येतात. फेफरे येणाऱ्या बायकांच्या वाट्याला नेमके हेच प्रकार येत असत.

कळाघरातील निवड

दिवस भरत आलेली बाई झटके येत असताना दवाखान्यात आली तर पहिला प्रश्न आजही लिव्हरचाच असतो : हा अपस्मार की एक्लॅम्प्सिया? विसाव्या आठवड्यानंतर पहिल्यांदाच झटका आला असेल तर दुसरे कारण सिद्ध होईपर्यंत तो एक्लॅम्प्सियाच मानतात. रक्तदाब मोजतात, लघवीतले प्रथिन पाहतात; आता दिव्याऐवजी रंग बदलणारी पट्टी असते.

एक्लॅम्प्सियावरचे औषध म्हणजे मॅग्नेशियम सल्फेट. १९९५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, भारतासह अनेक देशांत १,६८७ स्त्रियांवर झालेल्या चाचणीने ते डायझेपाम आणि फेनिटॉइन या दोन्हींपेक्षा सरस ठरवले. रूढ पद्धतीत ४ ग्रॅम शिरेतून आणि दोन्ही कुल्ल्यांत ५-५ ग्रॅम, पुढे दर चार तासांनी ५ ग्रॅम देतात. प्रत्येक मात्रेआधी परिचारिका तीन गोष्टी पाहते : गुडघ्याखाली टिचकी मारल्यावर पाय उडतो का, श्वास मिनिटाला १६ पेक्षा कमी तर नाही ना, आणि लघवी पुरेशी होते का. पाय उडेनासा झाला तर मात्रा थांबते. उतारा म्हणून कॅल्शियम ग्लुकोनेटची सुई ट्रेमध्ये तयार असते. पाश्चात्त्य बांध्याला बेतलेली ही मात्रा इथल्या किरकोळ चणीच्या स्त्रियांना जास्त होते, या विचाराने शेजारच्या सोलापूरच्या वैद्यकीय महाविद्यालयात डॉ. सुमन सरदेसाई आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कमी मात्रेची पद्धत आखली. त्यावरचा त्यांचा लेख २००३ मध्ये प्रसिद्ध झाला.

झटका अपस्माराचा असेल तर मॅग्नेशियमचा उपयोग नाही. तेव्हा लोराझेपामसारखे औषध देतात आणि नेहमीची गोळी चुकली होती का, हे विचारतात. गोळ्या लपवलेल्या घरात या प्रश्नाला खरे उत्तर मिळत नाही आणि उपचार चुकीच्या वाटेने जाऊ शकतो.

आजची रीत

आता रूढ झालेली पद्धत अशी. मूल हवे असे ठरले की आधी मेंदूविकारतज्ज्ञाला भेटायचे. व्हॅल्प्रोएट चालू असेल आणि बदलणे शक्य असेल तर ते दिवस राहण्यापूर्वी बदलायचे, शक्यतो एकच औषध आणि कमीत कमी पुरेशी मात्रा ठेवायची, आणि फॉलिक ॲसिड सुरू करायचे. गरोदरपणाआधीचे नऊ महिने झटक्याविना गेले असतील तर पुढचे नऊही तसेच जाण्याची शक्यता शेकडा ८४ ते ९२ आहे. दिवस गेल्याचे कळल्यावर स्वतःहून कोणतीही गोळी थांबवायची नाही. १८ ते २० आठवड्यांच्या दरम्यान बाळाच्या अवयवांची सोनोग्राफी होते. लॅमोट्रिजीनची रक्तातली पातळी गरोदरपणात उतरते, म्हणून त्याची मात्रा वाढवावी लागते आणि बाळंतपणानंतर पुन्हा कमी करावी लागते. उलट्यांमुळे गोळी पडून गेली तर काय करायचे, हे आधीच विचारून ठेवतात.

अपस्मार आहे एवढ्याच कारणाने सिझेरियन करावे लागत नाही. शंभरात एक-दोघींना कळांच्या वेळी आणि तितक्याच जणींना बाळंतपणानंतरच्या पहिल्या चोवीस तासांत झटका येतो. म्हणून बाळंतपण रुग्णालयात करतात, कळांतही गोळ्यांची वेळ पाळतात आणि बाळाला जन्मताच ‘के’ जीवनसत्त्वाची सुई देतात. बहुतेक औषधांबरोबर अंगावर पाजता येते. आईने जमिनीवर बसून, भिंतीला टेकून पाजावे. बाळाला एकटीने न्हाऊ घालू नये. रात्रीचे एखादे पाजणे घरच्यांनी काढलेल्या दुधावर भागवून तिला सलग झोप द्यावी. झटका आलाच तर तिला डाव्या कुशीवर वळवावे, तोंडात काही घालू नये, आणि पाच मिनिटांत तो थांबला नाही तर १०८ ला फोन करावा.

माहेरी जाण्याचा रिवाज या पद्धतीला छेद देत नाही, एक काम मात्र वाढवतो. सातव्या महिन्यात डॉक्टर बदलतो, म्हणून गोळ्यांची नावे, मात्रा आणि तपासण्यांची फाइल लेकीबरोबर जावी लागते. माण, खटाव, आटपाडी, जत या दुष्काळी तालुक्यांतून कामासाठी बाहेर पडणाऱ्या आणि ऊसतोडीच्या फडावर राहणाऱ्या कुटुंबांना हेच लागू आहे. गाव सुटले की उपचाराची साखळी तुटते आणि मागची नोंद नसेल तर ती पुन्हा जुळत नाही. बाजेजवळची शेगडी दूर गेली आणि पाचवीची पूजा झाल्यावर बाळंतिणीला झोपू दिले, तर त्या खोलीतले बाकीचे रिवाज, डिंकाचे लाडू, अळिवाची खीर, आईचा हात, तिला सोसणारेच आहेत.